तिसरीचा पट, पहिलीची पाटी: १५ जूनला सुरुवात कुठून करायची?

डोंगरशाळा
जून २०२२

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पट ४६: पहिली ९, दुसरी ११, तिसरी १४, चौथी १२. प्रश्न मुख्यतः तिसरीचा आहे. कोरोनामुळे शाळा बंद होत्या, त्यामुळे ही मुलं जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली ती फक्त जनरल रजिस्टरमध्ये. प्रत्यक्ष वर्गात बसली १ डिसेंबर २०२१ ला, तेव्हा ती दुसरीत होती. जानेवारीत पुन्हा कुलूप, मग २४ तारखेपासून एप्रिलपर्यंत शाळा. म्हणजे धड पाच महिनेही नाहीत. आता १५ तारखेला त्यांच्या हातात तिसरीचं पुस्तक पडणार. तीस दिवसांचा सेतू अभ्यास (नव्या इयत्तेआधीची उजळणी) आहे, पण तो मागच्या इयत्तेचं आलेलं आहे असं धरून चालतो, आणि इथे मागच्याच्या मागचंही नाही.

तपासणी कशी घ्यावी? दोघांत चार इयत्ता आणि त्यात पुन्हा पातळ्या, तर वेळ कसा बसवायचा? शिवाय पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, पोषण आहार यांचं आधी काय बघायचं? आणखी एक. इंग्रजी माध्यमातून दोन मुलं आपल्याकडे येऊ पाहताहेत, पण फी थकल्यामुळे दाखला अडवलाय.

खडूफळा

लेखी पेपर अजिबात नको. पेपर कोरा देणाऱ्या मुलाला अक्षर ओळखता येत नाही, की अक्षरं येतात पण जुळवता येत नाहीत, की वाचता येतं पण पेन्सिल चालत नाही, हे कोऱ्या पेपरातून कळत नाही. आणि तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

एकेकाला व्हरांड्यात घेऊन तोंडी तपासा. वाचन पाच मिनिटं, गणित तीन. पहिली सोडली तर ३७ मुलं, म्हणजे २९६ मिनिटं. दोघांत वाटली की रोज पन्नास मिनिटं, तीन दिवस.

वाचनाची सुरुवात मधून करा, अक्षरांपासून नको. आधी चार सोप्या वाक्यांचा उतारा द्या. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा वाक्य म्हणून न वाचता सुटे शब्द टाकत गेलं, तर शब्दांवर उतरा. शब्द त्यालाच निवडू द्या. पाचातले चार बरोबर आले तर मूल शब्दांवर आहे. तेही जमलं नाही तर त्याच हिशोबाने पाच अक्षरं. उतारा सरळ वाचला तर वर चढा आणि दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट द्या. 'असर' या देशभरच्या शिक्षण पाहणीत हाच क्रम असतो, आणि तो गावातल्या कोणालाही तासाभरात शिकवता येतो.

उतारा पुस्तकातला घेऊ नका. मोबाईलवर तेच तेच व्हिडिओ ऐकून पाठ्यपुस्तकातले पाठ आणि कविता मुलांना तोंडपाठ झाल्यात. ओळीवर बोट फिरवत घडाघडा म्हणतात आणि बघणाऱ्याला वाटतं वाचतायत. शंका आली तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून 'हा कोणता?' विचारा. मूल मनात पहिल्यापासून म्हणायला लागलं तर समजा पाठ आहे. कार्डावर स्वतःच्या हाताने, ठसठशीत, जोडाक्षर नसलेलं काहीतरी लिहा. उदाहरणार्थ: 'मामा बाजारात गेले. वाटेत पाऊस आला. मामा झाडाखाली थांबले. पिशवीतली भाजी भिजली.' चार वाक्यांत काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळं येतं.

नोंद 'वाचता येत नाही' अशी लिहू नका, चूक लिहा. भ-म, घ-ध, प-ष, थ-य यांत गोंधळ आहे का? 'ख' चा 'रव' होतोय का? 'पिशवी' चं 'पशवी' झालं तर पहिली वेलांटी गळतेय. 'मोर' चा 'मार' झाला तर काना दिसतोय, वरची मात्रा दिसत नाही. असं प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन खुणांत लिहिलं की पुढच्या पंधरा दिवसांचा पाठ त्यातच तयार असतो.

जी मुलं अक्षरांवर अडलीत त्यांना अ ते ज्ञ ओळीने घोकायला लावू नका. महिना जातो आणि हातात एक शब्द पडत नाही. क, म, न, ल, र ही पाच अक्षरं आणि काना एवढ्यावर सुरू करा. मका, नाक, कान, काम, लाल, माल, रान, कमल, नकल, कलाकार, पहिल्याच आठवड्यात इतके शब्द मूल स्वतः वाचतं. मग रोज दोन नवी अक्षरं, दर चार दिवसांनी एक नवं चिन्ह.

बहुतेक मुलं जुळवताना अडकतात. मूल 'क... म... ल' असं सुटं म्हणतं आणि थांबतं, कारण तीन वेगळ्या आवाजांतून त्याला ओळखीचा शब्द ऐकू येत नाही. बोलताना शेवटचा 'अ' आपण खातो, सुटं म्हणताना मात्र तो पूर्ण वाजतो. म्हणून अक्षरांखालून बोट न उचलता सरकवत, न थांबता म्हणून घ्या: आधी सावकाश, मग भरभर. तिसऱ्यांदा मूल स्वतःच 'कमल!' म्हणतं.

पाटीपेन्सिल

गणिताचं थोडं. २५ सांगितल्यावर मूल ५२ लिहितं, ती निष्काळजी नव्हे. 'पंचवीस' मध्ये पाच आधी ऐकू येतो, मूल ऐकलं तसं लिहितं. 'एकोणतीस' ला ३९ लिहितं, कारण कानात 'तीस' राहतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता! वाद बाजूला ठेवा आणि दोन्ही म्हणून घ्या: 'पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच', आणि लिहिताना हात दशकाकडून जाऊ द्या. २१ ते ९९ पैकी एकोण- ची नावं (२९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९) वेगळी काढून रोज दोन मिनिटं घ्या.

साहित्य विकत आणायची गरज नाही. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडा, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. चार मुलांमागे नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या. वजाबाकीत मूल ४२ – १७ = ३५ लिहितं तेव्हा ते मोठ्यातून लहान काढतंय: चारातून एक, सातातून दोन. पाटीवर कितीही समजावलं तरी ही खोड जात नाही. चार गठ्ठे आणि दोन काड्या समोर ठेवा आणि 'सतरा काड्या मला दे' म्हणा. दोनच सुट्या आहेत हे पाहून मूल आपणहून गठ्ठ्याचं रबर सोडतं. तीन दिवस रबर सोडू द्या, चौथ्या दिवशी हातचा लिहायला शिकवा, आधी नको.

हाताचं वेगळं बघा. या मुलांनी दोन वर्षं अंगठ्याने काच सरकवलीय. पेन्सिल मुठीत धरतात, दाबून लिहितात, अर्ध्या पानात हात भरून येतो. पहिले दोन आठवडे पाटी आणि जाड खडू. खडू दोन बोटांच्या पेरांएवढा तोडून द्या. तुकडा लहान असला की मूठ बसत नाही, चिमटीतच धरावा लागतो. उभ्या रेघा, आडव्या रेघा, अर्धगोल. मग दुरेघी वही. फळ्यावरचं उतरवून घेताना जे मूल डोळे बारीक करतं किंवा उठून पुढे येतं, त्याचं नाव लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांना ती यादी द्या.

आई_तिसरीची

पातळीनुसार गट म्हणजे तिसरीतली मुलगी पहिलीच्या मुलांत बसणार ना? ती घरी येऊन सांगणार, 'मला खालच्या वर्गात बसवलं.' दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं. याचा विचार कोणी करतं का?

खडूफळा

ताई, शंका रास्त आहे. 'ढ गट' तयार होतो तो तीन चुकांमुळे. गट दिवसभर चालवला जातो, तो महिनोन् महिने बदलत नाही, आणि चांगला शिक्षक वरच्या गटाला दिला जातो.

म्हणून वेळ असा बसवा. परिपाठानंतर फक्त ९० मिनिटं पातळीनुसार: ५० भाषा, ४० गणित. अक्षर आणि शब्दवाले एका शिक्षकाकडे, उतारा आणि गोष्टवाले दुसऱ्याकडे. अक्षर-शब्दवाल्यांना जास्त अनुभवी शिक्षक. पहिलीची नऊ मुलं या ९० मिनिटांत गटात घालू नका. त्यांना त्याच खोलीत वेगळ्या कोपऱ्यात चित्रं, माती, मणी द्या. तिसरीचं मूल पहिलीच्या मुलासोबत बसतच नाही, दुसरी-चौथीच्या मुलांसोबत बसतं. भाषा आणि गणिताचे गट वेगळे ठेवा, कारण वाचनात अडलेलं मूल हिशोबात पुढे असू शकतं. ९० मिनिटं झाली की ज्याने त्याने आपापल्या इयत्तेत, परिसर अभ्यास, गाणी, खेळ सगळं तिथेच. दर दहा दिवसांनी पुन्हा पाच मिनिटांची तपासणी, आणि पुढे गेलेलं मूल त्याच दिवशी पुढच्या गटात. शनिवारची वाट बघायची नाही.

सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वर एकच काम देऊ नका. बसण्याची सवय मोडलीय, ती जुलैअखेरपर्यंत हळूहळू येते.

केंद्र_सात

इमारतीचं १५ तारखेच्या आत करायचं, मुलं आल्यावर नाही.

आधी छत आणि कोपरे. बंद खोल्यांत गांधीलमाश्यांची पोळी खिडकीच्या चौकटीत आणि पंख्याच्या वाटीत असतात. रचलेले बाक काठीने हलवूनच उचला, खाली साप-विंचू असतो. पंखा सुरू करण्याआधी वायरिंग वायरमनला दाखवा. उंदरांनी कुरतडलेली वायर वरून दिसत नाही.

स्वच्छतागृहात दुर्गंधी आली की लोक फिनेल ओततात. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की भांड्याखालच्या वळणातलं पाणी आटलंय आणि टाकीतला वायू वर येतोय. दोन बादल्या पाणी ओता, तासाभराने बघा. वास गेला नाही तर चेंबरमध्ये पाला अडकलाय का बघा. मुलींच्या बाजूची कडी आतून लागते का, हे मुलाच्या उंचीवरून तपासा. कडी वर असली तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

पाण्याची १,००० लिटरची टाकी असेल तर: पूर्ण रिकामी, आतून घासणे, गाळ बाहेर. मग भरून १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, रात्रभर तसंच, सकाळी सगळे नळ सोडून ते पाणी काढून टाका. ते प्यायचं नाही. त्यानंतर रोजच्या पाण्याला १,००० लिटरमागे ५ ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायचा: पिवळा रंग आला की ठीक, रंगच नाही तर क्लोरीन कमी, गडद नारिंगी तर जास्त झालंय.

पोषण आहाराचं प्रमाण पहिली ते पाचवीला माणशी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. ४६ चा हिशोब ४ किलो ६०० ग्रॅम तांदूळ, ९२० ग्रॅम डाळ, २ किलो ३०० ग्रॅम भाजी, २३० ग्रॅम तेल. पण पहिल्या आठवड्यात हजेरी घेतल्याशिवाय तांदूळ धुवायला घेऊ नका. शिल्लक पोतं असेल तर टोके, जाळी आणि कुबट वास बघा. जाळी धरलेला तांदूळ ऊन देऊन वापरू नका, पंचनामा करून बाजूला काढा. गॅसची नळी बघा, तिच्यावर मुदत छापलेली असते. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चवीच्या वहीत लिहायचं. लोक आठवड्याच्या सह्या शनिवारी करतात. करू नका.

पाटीपेन्सिल

दाखल्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: दाखला यायला उशीर झाला किंवा तो मिळालाच नाही, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने तो ताबडतोब द्यायचा असतो. मुलाला आज बसवा, वयाप्रमाणे इयत्ता द्या, पालकांचा अर्ज घ्या आणि दाखल्याची मागणी लेखी पाठवून पोच ठेवा. उत्तर आलं नाही तर त्या पोचेची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. पोषण आहार आणि पुस्तकं दाखल्यासाठी थांबवायची नाहीत.

ही मुलं ए-बी-सी लिहिणारी असतील. त्यांचा वाचन गट इयत्तेवरून ठरवू नका, वरचीच मामाची चार वाक्यं द्या. भाषा घरची मराठीच असते, अडतं ते लिपीत. त्यामुळे ती अक्षर गटातून बाकीच्यांपेक्षा लवकर बाहेर पडतात.

डोंगरशाळा

तपासणीची कार्डं लिहायला घेतली. शाळेत टीसीएलचं अर्धं पोतं आहे, २०२० चं, तोंड उघडं. तेच प्रमाणात वाढवून वापरलं तर चालेल का?

केंद्र_सात

नको. प्रमाण धरलंय ते ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीचं. उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, किती उरलाय ते वासावरून कळत नाही, आणि दुप्पट टाकलं तर चुना मात्र दुप्पट जातो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नवीन घ्या, ओटीची बाटलीही त्याच्याकडेच मिळेल. ५ ग्रॅम चमच्याच्या अंदाजाने नको. सोनाराकडे एकदा वजन करून प्लास्टिकच्या पुड्या बांधा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. पत्र्याचा डबा नको, महिन्यात गंजतो. जुनं पोतं मुतारीच्या बाहेर टाकायला वापरा.