हळू सुटणं पुरेसं नाही, औषध त्वचेत टिकायला हवं

गजकर्णासाठी ल्युलिकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचं जेल बनवताना, जेलमधून औषध २४ तास हळूहळू सुटलं की काम फत्ते, असं म्हटलं जातं; मला हा मुद्दा अपुरा वाटतो. गजकर्णाची बुरशी केराटिनवर (त्वचा, केस, नखांतलं कठीण प्रथिन) जगते, म्हणजे त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात. तो बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड (तळपायाला कितीतरी जास्त). औषध तिथेच साठायला हवं, आरपार रक्तात जाऊन उपयोग नाही. म्हणून फ्रान्झ सेलच्या चाचणीत (दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा तुकडा किंवा पडदा लावून औषध किती आरपार जातं ते पाहतात) खालच्या कप्प्यात किती उतरलं एवढंच मोजू नका, त्वचेच्या तुकड्यात किती उरलं तेही काढा. कृत्रिम पडद्यावर हे कळणारच नाही.

ल्युलिकोनाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते नॅनो आकाराच्या लिपिड (स्निग्ध) कणांत भरून कार्बोपोलच्या (जेलला घट्टपणा देणारा पदार्थ) जेलमध्ये मिसळणं पटतं. पण क्षारांमुळे कार्बोपोल पातळ होतं, आणि जांघेत घाम असतोच! कृत्रिम घाम घालून जेलचा घट्टपणा जरूर तपासा.

पायाच्या बोटांमधल्या संसर्गासाठी टर्बिनाफिन या दुसऱ्या बुरशीनाशकाचं एकदाच लावायचं, पातळ पापुद्रा धरणारं १ टक्का द्रावण आधीच वापरात आहे. खाज थांबली की बरेच पेशंट मलम सोडतात, त्यामुळे मला एकदाच लावायच्या औषधाची हीच दिशा जास्त आशादायक वाटते.