मदत हवी आहे: वाक्याच्या सुरुवातीला रसायनाचं नाव आलं तर कॅपिटल कुठे?

इंग्रजी शोधनिबंधांच्या संपादनासाठी नियमपत्रक करायचं आहे. मूळ नियम माहीत आहे: रसायनाचं नाव सामान्यनाम, म्हणून वाक्यात मध्ये स्मॉल. वाक्य त्यानेच सुरू झालं, तर आकडे आणि रेणूची रचना सांगणारे तिरपे (इटॅलिक) उपसर्ग (टर्ट, सिस, पॅरा) तसेच ठेवून मुख्य नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल. म्हणजे टर्ट-ब्युटाइलमध्ये 'टी' स्मॉल, 'बी' कॅपिटल. 2-प्रोपॅनॉलमध्ये 'पी' कॅपिटल. आयसो, सायक्लो, डाय हे मात्र नावातच मुरलेले, तिथे त्यांचंच पहिलं अक्षर.

खरा घोळ वर्डच्या ऑटोकरेक्टचा, म्हणजे टाइप करताना आपोआप होणाऱ्या दुरुस्तीचा. एन-हेक्सेनमधला स्मॉल 'एन' म्हणजे कार्बनची सरळ साखळी. तो कॅपिटल झाला की नायट्रोजनवरची जागा असा अर्थ होतो, आणि हेक्सेनमध्ये नायट्रोजन आहेच कुठे! ऑर्थो या उपसर्गाचा स्मॉल 'ओ' तसाच कॅपिटल झाला की ऑक्सिजन होऊन बसतो. ऑटोकरेक्टमधली वाक्यारंभीच्या कॅपिटलची खूण काढली, पण ती पुढच्या टायपिंगपुरती. आधी बिघडलेलं तसंच राहतं. एन,एन-डायमिथाइलफॉर्मामाइडमधले दोन्ही 'एन' मुळातच कॅपिटल, त्यामुळे सगळीकडे सरसकट बदलही करता येत नाही.

तर विचारायचं होतं:

चौकोनी कंसात समस्थानिक (आयसोटोप, उदा. कार्बन-13) असलेलं ग्लुकोज वाक्यारंभी आलं, तर कंसानंतरचा 'जी' कॅपिटल करता का?

शीर्षकात प्रत्येक मुख्य शब्द कॅपिटल असेल, तर लांबलचक नावात हायफननंतरच्या प्रत्येक तुकड्याला कॅपिटल देता, की फक्त पहिल्या?

आणि वाक्यारंभीचे असे उपसर्ग हुडकायला वर्डच्या वाइल्डकार्ड शोधात (नेमक्या शब्दाऐवजी अक्षरांचा साचा देऊन केलेल्या शोधात) नेमकं काय घालता? 'वाक्यरचनाच बदला' हा उपाय ठाऊक आहे. पीएचने (आम्लतेचं माप, त्यातला 'पी' स्मॉलच) सुरू होणाऱ्या वाक्यांना तोच लावतो.