न दिसणारं लायसिन: छाटायचं की ठेवायचं?

स्फटिकवाला: काल एका प्रथिनाच्या स्फटिकाच्या क्ष-किरण डेटावर (बारकावा २.१ अँगस्ट्रॉम) अणूंचं मॉडेल बसवत होतो. प्रथिनाच्या पृष्ठभागावरचं एक लायसिन (अमिनो आम्ल) पार्श्वसाखळीच्या पहिल्या कार्बनपर्यंत, म्हणजे सी-बीटापर्यंत स्वच्छ दिसतंय, पुढच्या चार अणूंचा पत्ता नाही. मी ते चारही काढून टाकले. क्ष-किरणांना जे दिसलं नाही ते फाईलमध्ये लिहिणं म्हणजे पंचनाम्यात नसलेला साक्षीदार घुसवणं.

मीठपाणी: असहमत. अणू तिथेच आहेत हो! पार्श्वसाखळी डुलते म्हणून इलेक्ट्रॉनांची डेन्सिटी पसरून पुसट होते. तुम्ही ती छाटलीत की लायसिनचा धन भार गेला, मग पृष्ठभागाच्या विद्युतभाराचं चित्रच चुकतं. नेहमीचा एखादा रोटॅमर (पार्श्वसाखळीची ठरावीक ठेवण) बसवा आणि बी-फॅक्टर (अणू किती डुलतो त्याचा आकडा) वाढेल तेवढा वाढू द्या. इथे भरवसा ठेवू नका, हे तोच सांगतो.

स्फटिकवाला: बी-फॅक्टर बघतं कोण? आमच्याकडे एकाने असल्याच टोकाच्या नायट्रोजनपासून २.८ अँगस्ट्रॉमचा हायड्रोजन बंध मोजून स्लाइडवर टाकला. त्या अणूचा बी-फॅक्टर होता १२०!

मीठपाणी: तो वाचणाऱ्याचा दोष. छाटलेलं लायसिन डॉकिंगआधी (संगणकावर दुसरा रेणू प्रथिनात बसवून बघण्याआधी) सॉफ्टवेअर भरून काढतंच, तुमचा डेन्सिटीचा नकाशा न बघता. त्यापेक्षा नकाशा समोर असलेल्या माणसाने बसवलेलं बरं.

कोपऱ्यातली: ऑक्युपन्सी (अणू त्या जागी असण्याचा वाटा) शून्य ठेवली तर?

मीठपाणी: नको. चित्रात अणू दिसत राहतो, शून्य कुणाला दिसत नाही. (यावर तरी आमचं दोघांचं जमेल.)

बर्फगोळा: तुमचा स्फटिक १०० केल्विनला गोठवलेला असणार. फ्रेझर, अल्बर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३० प्रथिनं तपासली, तर गोठवल्याने ३५ टक्क्यांहून जास्त पार्श्वसाखळ्यांची ठेवण बदललेली निघाली. त्याआधी २००९ मध्ये सायक्लोफिलिन-ए या विकरात फेनिलॲलनिन ११३ ची दुसरी बैठक खोलीच्या तापमानालाच सापडली होती. एक सिग्माच्या (नकाशातल्या चढउताराचं माप) खाली सगळा गोंगाट, हे आपण उगाच घोकलंय. नकाशा ०.३ सिग्मावर आणा, काय-१ कोन (पार्श्वसाखळीचं पहिलं वळण) फिरवून बघा, मग कात्री उचला.

मीठपाणी: २.१ अँगस्ट्रॉमला ०.३ सिग्मा? ढगात हत्ती दिसेल.

स्फटिकवाला: बघितलं. उणे ६० आणि १८० अंशांजवळ पुसट फुगवटे आहेत खरे. सी-बीटाच्या पुढचा अणू, सी-गॅमा, दोन्हीकडे अर्धा अर्धा ठेवतो. उरलेले तीन मात्र काढणारच.