जुनी मारुती 800: एक वायपर खांबाला आपटतो, खाली येताना थडथडतो

बोरिवलीकर
ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर बंद केल्यावर चार बोटं वरच थांबतो, वर जाताना काचेच्या कडेच्या खांबाच्या रबराला आपटतो. डावा बरोबर बसतो. खाली येताना थडथड. ब्लेड नवीन आहेत. ब्लेड धरणारा आर्म वाकवू का?

पाना-पक्कड
आत्ताच वाकवू नका. डावा जागेवर बसतोय, म्हणजे मोटर ठीक आहे. उजवा आर्म स्पिंडलवर, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दातेरी दांड्यावर, एखादा दाता पुढे बसलाय.

काच ओली करून वायपर चालवा आणि स्विचनेच बंद करा. चावीने बंद केलात तर तो मध्येच थांबेल आणि सगळं माप चुकेल. काचेवर जाड टॉवेल अंथरा, कारण स्प्रिंगचा आर्म हातातून सुटला तर काच तडकते. टोपी काढून नट सोडवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत आर्म स्पिंडलला गंजून चिकटतो. गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा, मग आर्म डावी-उजवीकडे हलवत उचला. निघाला नाही तर छोटा पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा. हातोडी नको, खालचं लिंकेज, म्हणजे मोटर आणि स्पिंडल जोडणाऱ्या पट्ट्या, निखळतं. दाते तारेच्या ब्रशने साफ करून तेल पूर्ण पुसा. ही पकड कोरडीच हवी. डाव्या ब्लेडच्या रेषेत बसवून नट आवळा, पण जोर बेताचा. ओल्या काचेवर चालवून पुन्हा एकदा आवळा.

काचवाला_कुर्ला
थडथडीचं कारण वेगळं. रबराची पात दर फेरीला उलट्या बाजूला कलंडली पाहिजे. आर्म पिळलेला असेल तर ती एका दिशेला अडते. वायपर मधोमध असताना चावी बंद करा, ब्लेड काढा, आर्मचं टोक काचेला समांतर आहे का बघा. नसेल तर दोन पान्यांत धरून किंचित पिळा. त्याआधी काच मात्र स्पिरिटने पुसा. धुराचा आणि वॅक्सचा थर असला तरी असाच आवाज येतो.

बोरिवलीकर
नट घट्ट आहे, तरी आर्म हाताने फिरतो.

पाना-पक्कड
मग आर्मच्या भोकातले दाते झिजलेत. तो मऊ धातूचा असतो, आधी तोच जातो. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात जुना आर्म नेऊन भोक आणि लांबी जुळवून घ्या. स्पिंडलच वर-खाली खेळत असेल तर बुश (स्पिंडल ज्यात फिरतो ती नळी) गेलंय. तेव्हा आर्म बदलूनही जोरात चालवल्यावर खांबाला आपटेल.