डी म्हणजे उजवीकडे वळवणारी नव्हे
‘डी-ग्लुकोज म्हणजे प्रकाश उजवीकडे वळवणारी साखर’ असं अनेकदा म्हटलं जातं. ग्लुकोजपुरतं ते जुळतं, पण तो योगायोग. फ्रुक्टोज (फळांतली साखर) ही डी-च, तरी ते ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) डावीकडे फिरवतं, आणि तेही जोरात: विशिष्ट वलन (ठरावीक परिस्थितीत मोजलेला फिरण्याचा कोन) सुमारे उणे ९२ अंश! डी एवढंच सांगतं, की रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरच्या पद्धतीने रेणूची कार्बन-साखळी उभी काढलेल्या आकृतीत शेवटून दुसऱ्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) उजव्या हाताला आहे.

आणि ती उजवी बाजूसुद्धा फिशरने १८९१ मध्ये अंदाजानेच धरली होती. रेणूची दोन रूपं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखी असतात; त्यांपैकी खरं कोणतं, हे तपासायचं साधनच नव्हतं. १९५१ मध्ये डच शास्त्रज्ञ बायव्हूटने, साखरांशी रचनेने जोडलेल्या टार्टारिक आम्लाच्या क्षारावर क्ष-किरण वापरून पाहिलं, तेव्हा अंदाज बरोबर निघाला. चुकला असता तर साठ वर्षांतली प्रत्येक आकृती उलटी करावी लागली असती. वर्गात हे सांगताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.