कॅप्चर कार्ड निवडताना तुम्ही कुठे चुकलात?

कोपऱ्यातला दिवा
काल टेबलाचा खण आवरताना निळ्या टोकाचे एक जुने कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचे किंवा कन्सोलचे चित्र संगणकात आणणारे उपकरण) हाती लागले आणि मावसबहिणीच्या गाण्याच्या थेट प्रक्षेपणाची फजिती आठवली. खोक्यावर ठळक अक्षरांत '४के' छापले होते आणि मी तेवढेच वाचले. प्रत्यक्षात ते कार्ड ४के चित्र आत घेत असे, पण संगणकाला १०८०पी (४के च्या चौथाई ठिपक्यांचे चित्र), तेही सेकंदाला ३० फ्रेम एवढेच देत असे. टोक निळे आहे म्हणजे यूएसबी ३.० असणार, हीही माझीच समजूत. आतला कारभार २.० चा होता. यूएसबी २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिटची आणि १०८०पी, ३० फ्रेमच्या न दाबलेल्या चित्रालाच सुमारे १ गिगाबिट लागतो (६० फ्रेमला त्याच्या दुप्पट), त्यामुळे असे कार्ड प्रत्येक फ्रेम जेपेग छायाचित्रासारखी दाबून पाठवते. अंधाऱ्या पडद्यावर चौकोनच चौकोन उमटले आणि मावशीने मध्येच विचारले, "अरे, हिच्या मागच्या भिंतीला फरश्या कधी बसवल्या?"
आपलेही अनुभव लिहावेत.

उलटा रिमोट
आमच्याकडे फरश्या नव्हत्या, नुसता काळोख होता. दोन दिवस मी केबली बदलत बसलो आणि शेवटी कळले की गेम कन्सोल एचडीसीपीचे (नक्कल रोखण्याचे) कुलूप लावून चित्र पाठवत होता. सेटिंगमध्ये ते बंद करताच चित्र आले. कार्ड मात्र तोवर मी परत करून बसलो होतो.

सावलीतली
माझ्या मते कार्डाआधी कॅमेरा तपासावा. माझ्या कॅमेऱ्यातून एचडीएमआयवर स्वच्छ, म्हणजे पडद्यावरच्या खुणांशिवायचे, चित्र निघतच नव्हते, त्यामुळे संपूर्ण व्याख्यानभर वक्त्याच्या कपाळावर फोकसचा हिरवा चौकोन आणि कोपऱ्यात बॅटरीचे चिन्ह दिसत राहिले. त्यातच अर्ध्या तासाने कॅमेरा आपोआप झोपी गेला.

उलटा रिमोट
@सावलीतली, निदान बॅटरी किती उरली हे प्रेक्षकांना तरी कळत होते! डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून भिंतीतली वीज देणारी) लावून पाहिलीत का?

सावलीतली
लावली, तरीही झोपलाच. आपोआप बंद होण्याची वेळ मेनूत वेगळी बदलावी लागते, हे नंतर समजले.

दोन नंबरी
दोन कॅमेरे, दोन कार्डे आणि एक यूएसबी हब अशी मांडणी मी मोठ्या हौसेने केली होती. पहिले चित्र यायचे आणि दुसरे सुरू करताच काळी चौकट दिसायची. हबच्या सगळ्या तोंडांना मिळून संगणकाकडे जाणारी वाट एकच असते, आणि लॅपटॉपची शेजारशेजारची दोन पोर्टेही पुष्कळदा एकाच कंट्रोलरवर (यूएसबीची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपवर) असतात. एक कार्ड दुसऱ्या बाजूच्या पोर्टात खोचले तेव्हा कुठे दोन्ही चित्रे दिसली. डेस्कटॉप असेल तर आत बसणारे पीसीआय एक्सप्रेस कार्ड घ्यावे, म्हणजे ही ओढाताण होत नाही.

टाळी
आवाजाचे कोणीच बोलले नाही. माइक थेट संगणकाला आणि कॅमेरा कार्डातून जोडला, तर चित्र थोडे मागे पडते आणि ओठ हलण्याआधीच शब्द ऐकू येतो. मी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून ती रेकॉर्ड केली आणि आवाजापासून तळवे जुळेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. त्या चार भरल्या. ३० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, म्हणून ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये माइकच्या सिंक ऑफसेटमध्ये (आवाज किती उशिरा सोडायचा तो आकडा) १३३ घातले. कार्ड बदलले की ही मोजणी पुन्हा करावी लागते.

नवशिका
माझा संगणक जुना आहे. कार्ड घेतले तर त्याचा भार हलका होईल का?

दोन नंबरी
बहुतेक कार्डे चित्र फक्त आत आणून देतात. ते प्रक्षेपणासाठी दाबण्याचे काम संगणकाचा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डच करते. भार हलका होईल या आशेने मीही एक घेतले होते. पंखा पूर्वीइतकाच घोंघावतो.

नवशिका
धन्यवाद. मग जुन्या टेपवाल्या कॅमेऱ्यासाठी धागाकर्त्यांचे खणातले कार्ड चालेल का?

कोपऱ्यातला दिवा
नाही, ते एचडीएमआयचे आहे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचे वेगळे कार्ड घ्यावे आणि ओबीएसमध्ये डीइंटरलेस (एकाआड एक ओळींनी येणारे चित्र नीट जुळवणारी सोय) सुरू करावे, नाहीतर हलत्या हाताच्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात.