मदत हवी आहे: गाडीचे टायर बदलायचेत, दोन घेऊ की चार? (घाई आहे)

घरचीगाडी
नमस्कार मंडळी. शनिवारी गाडी टायरवाल्याकडे टाकणार आहे आणि रविवारी पहाटे घरच्या सगळ्यांना घेऊन निघायचंय, तेव्हा कृपया लवकर सांगा. तो म्हणतो पुढचे दोन गोटा झालेत, पण बदलायचे तर चारही बदला. मागच्यांना अजून छान नक्षी आहे, ते उगाच का टाकायचे? शिवाय एक साइज मोठा घ्या म्हणतो, ग्रिप वाढेल. कंपनी कुठली आणि दोन की चार, एवढंच हवंय.

लांबपल्ला
गाडी कुठली? साइज काय? टायर किती जुने? वापर गावात की हायवेला? यातलं काहीच माहीत नसताना कंपनी कशी सुचवणार?

चारचाकी
इतका विचार कशाला? गाडीबरोबर कारखान्यातून आलेलं मॉडेलच परत घ्या. गाडीच्या सगळ्या चाचण्या त्यावर झालेल्या असतात. मी आजवर दुसरं काही लावलं नाही, एकदाही तक्रार नाही.

लांबपल्ला
@चारचाकी, असहमत. कारखान्यातून येणारे टायर बऱ्याचदा मायलेज चांगलं मिळावं म्हणून निवडलेले असतात. मी दुसरे लावले तेव्हा मायलेज किंचित पडलं, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावरचा फरक लगेच जाणवला. घरची माणसं बसतात त्या गाडीला मी आधी तेच बघेन.

निळीछत्री
कुठलेही घ्या, पण हवा नायट्रोजनच भरा. टायर गरम होत नाहीत, आयुष्य वाढतं. आमच्याकडे सगळ्या गाड्यांना नायट्रोजनच असतो.

घरचीगाडी
साधी पाच सीटची पेट्रोल हॅचबॅक आहे. रोजचं ऑफिस, मुलांची शाळा, अधूनमधून लांबचा प्रवास. टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच लिहिलंय. आता तरी सांगा.

गणिती
आता बोलता येईल. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर तुमच्या टायरचा पूर्ण व्यास साधारण ६२२ मिमी येतो. टायरवाला १९५/६५ देणार असेल तर तो ६३५ होतो, दोन टक्के मोठा. म्हणजे आत्ता स्पीडोमीटर ज्या वेगाला १०० दाखवतो, त्यापेक्षा गाडी दोन टक्के जास्त पळत असेल आणि काटा मात्र १०० वरच. २०५/६५ लावलात तर फरक चार टक्क्यांवर जातो, शिवाय गाडी भरलेली असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायची शक्यता. रुंद टायरने कोरड्या रस्त्यावर थोडा फायदा होतो, पण साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगायला लागतो.
८८ म्हणजे एका टायरने पेलायचं जास्तीत जास्त वजन ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची वेगमर्यादा. याच्याखालचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. वरचा चालतो.

मेकॅनिकपुत्र
ताई, कंपनीचं नंतर बघू. पुढचे टायर घासलेत कसे? मधोमध, दोन्ही कडांना, की एकाच कडेला? उभं राहून दिसणार नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ठेवा आणि टॉर्च मारून आतली कड बघा. तार बाहेर आलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय हात फिरवू नका, कापतं.

घरचीगाडी
@मेकॅनिकपुत्र, आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघितलं. बाहेरून नक्षी बरी आहे. चाक वळवल्यावर आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा दिसला, पार गुळगुळीत. डावीकडच्या टायरला तर एका जागी रबर संपून बारीक तारा दिसताहेत. टायरवाल्याने हे सांगितलंच नाही. पण तसंही हे टायर बदलणारच आहे ना मी?

मेकॅनिकपुत्र
बदलाल, पण नवे टायरही तसेच खाल्ले जातील! हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग. फक्त आतली कड गेली म्हणजे चाक सरळ उभं नाही किंवा सरळ धावत नाही. अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल) बिघडलेली असते, नाहीतर लोअर आर्मचा बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर), टाय रॉडचा एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) यांपैकी काहीतरी ढिलं झालेलं असतं. माझ्या वडिलांच्या गॅरेजमध्ये दर थोड्या दिवसांनी अशी गाडी येते: टायर नवे कोरे, आतून साफ. आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासून घ्या. आणि तार दिसणाऱ्या टायरवर हायवेला जाऊच नका. दुकानापर्यंतही स्टेपनी लावून जा.

शांतवाटसरू
दोन की चार याचं उत्तर कोणी दिलंच नाही. दोनच घ्या. पुढची चाकं ओढतात, वळतात, ब्रेकचा जास्त भारही त्यांच्यावर. नवे दोन पुढे टाका, मागचे राहू द्या.

लांबपल्ला
@शांतवाटसरू, नको! दोनच घेतले तरी नवे मागे आणि मागचे पुढे. पुढचं चाक पाण्यावर घसरलं तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला लागते, ते हाताला जाणवतं, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बऱ्याचदा सावरतं. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि नेहमीच्या चालवणाऱ्याला ती आवरत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो की मागच्या.

शांतवाटसरू
मी कायम पुढेच टाकत आलोय, काही झालं नाही.

लांबपल्ला
वेळ आली नाही म्हणून झालं नाही. घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून इतकं बोलतोय.

गणिती
ताई, मागच्या टायरवरची तारीख बघा. साइडवॉलवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतात.

घरचीगाडी
दोन्ही मागच्यांवर ३४१८ आहे. स्टेपनीवरही तेच.

गणिती
म्हणजे २०१८ चा ३४ वा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत असं म्हणतात, आणि १० वर्षांच्या पुढे नक्षी कितीही असली तरी वापरू नयेत. खाचांच्या तळाशी आणि साइडवॉलवर बारीक भेगा आहेत का बघा.

घरचीगाडी
आहेत. खाचेत नख फिरवलं तर लागतात.

लांबपल्ला
मग चारही. नक्षी १.६ मिमीपर्यंत उतरली की खाचेतल्या उंचवट्यांशी ती सपाट होते, ती झाली शेवटची रेषा. तुमच्या मागच्यांची नक्षी तिथवर आलेली नाही, पण रबर म्हातारं झालंय. ओल्या रस्त्यावर कडक रबर पकड घेत नाही.

चारचाकी
शेवटी टायरवाल्याचंच खरं ठरलं ना?

मेकॅनिकपुत्र
चारचं खरं ठरलं, मोठ्या साइजचं नाही.

निळीछत्री
आणि नायट्रोजन?

गणिती
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा. नाहीतर महिन्यातून एकदा थंड टायरची हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. साइडवॉलवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी भरायची नसते.

घरचीगाडी
शुक्रवारीच दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली. डावीकडच्या लोअर आर्मचा बुश फाटलाय. पार्ट सोमवारी येणार. आता शनिवारी टायर टाकून रविवारी जाऊन येऊ का आणि अलाइनमेंट सोमवारी करू?

मेकॅनिकपुत्र
नका जाऊ. फाटक्या बुशवर अलाइनमेंट टिकत नाही, आणि भरलेली गाडी जोरात ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. बुश, मग टायर, मग बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अलाइनमेंट, असा क्रम ठेवा.

घरचीगाडी
बरं, प्रवास पुढच्या रविवारवर ढकलला. मुलं नाराज आहेत, पण ठीक आहे. चार टायर, १८५/६५, ८८ एच. कंपनी ओल्या रस्त्यावरच्या पकडीवरून ठरवतेय. दुकानाला चारही टायरवरच्या तारखेचे फोटो पाठवायला सांगितलेत. अजून काही बघायचं राहिलंय का?

लांबपल्ला
व्हॉल्व्ह नवे बसवून घ्या. साइडवॉलवर बाण असेल तर तो पुढे जायच्या दिशेला हवा, आणि बाहेरची बाजू म्हणून छापलेली कड बाहेरच. नट नुसते एअर गनने आवळून सोडत असतील तर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लावायला सांगा. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासून घ्या.